चॅटमधली मुलगी अचानक गप्प झाली तर: फोनमधल्या फोनवरचे भयखेळ अडकतात तेव्हा

रहस्य ऐन रंगात आलेलं असतं. चॅटमधली मुलगी लिहिते, "कुणीतरी दाराशी आलंय, थांब जरा," आणि मग तिचा एकही मेसेज येत नाही. तासाभराने नाही, रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. खेळणारा आधी घाबरतो, मग वाट बघतो, शेवटी वैतागून खेळ काढून टाकतो आणि नव्याने टाकतो. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. खेळ काढला की बहुतेक वेळा तिथपर्यंतची सगळी गोष्ट पुसली जाते आणि मूळ बिघाड मात्र जागेवरच राहतो. मग पुन्हा पहिल्यापासून खेळून त्याच वळणावर यायचं आणि तीच मुलगी तिथेच गप्प व्हायची.

पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलं, कर्वेनगरच्या हॉस्टेलवरच्या मुली, ऑफिसातली मंडळी, अशा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना या खेळांचं वेड आहे. महागडा कॉम्प्युटर लागत नाही, साधा फोन पुरतो. खोलीतली बाकीची झोपली की इअरफोन लावून अंधारात खेळता येतो. आणि अडकण्याची तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच असते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. खेळ काढून टाकायच्या आधी एकदा वाचा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मलेशियातल्या कैगन गेम्सचा 'सिम्युलाक्रा' 2017 चा. त्यात ॲना नावाच्या बेपत्ता मुलीचा फोन तुमच्या हाती लागतो आणि तिचे मेसेज, फोटो, मेल, डेटिंग ॲप उघडून तिचं काय झालं ते शोधायचं असतं. जर्मनीतल्या एव्हरबाइटचा 'डस्कवुड' 2019 पासून 2022 पर्यंत दहा भागांत आला. त्यात हॅना बेपत्ता आहे, तिच्या फोनवरून तुमचा नंबर तिच्या मित्रांना गेलाय आणि ते तुम्हाला गाठतात. फ्रान्सच्या ॲक्सिडेंटल क्वीन्सचा 'अ नॉर्मल लॉस्ट फोन' हाही 2017 चा. तो भयखेळ नाही, पण घडण तीच. या सगळ्यांत खेळाचा पडदा म्हणजे एक अख्खा फोन असतो. त्याचं घड्याळ वेगळं, बॅटरी वेगळी, सिग्नलच्या दांड्या वेगळ्या.

सगळी गल्लत इथूनच सुरू होते. तुमच्या हातात एकाच वेळी दोन फोन असतात. बाहेरचा तुमचा, आतला त्या बेपत्ता माणसाचा. आतल्या फोनमधला बिघाड बहुतेक वेळा मुद्दाम लिहिलेला असतो, तो गोष्टीचा भाग असतो. पडदा थरथरतो, अक्षरं तुटतात, फोटो अर्धाच उघडतो, फोन आपोआप बंद होऊन चालू होतो. 'सिम्युलाक्रा'त तर तुटलेले मेसेज आणि फोटो जुळवून दुरुस्त करणं हेच खेळणाऱ्याचं काम आहे. ते बघून फोन खराब झाला असं समजून कुणी दुरुस्तीसाठी तपकीर गल्ली गाठू नये. म्हणून कुठलंही सेटिंग बदलण्याआधी एवढं ठरवा की बिघाड आतल्या फोनचा आहे की बाहेरच्या.

यासाठी मला सगळ्यात खात्रीचा वाटणारा उपाय म्हणजे स्वतःच्या फोनची भाषा मराठी करून टाका. हे खेळ मराठीत मिळत नाहीत, त्यामुळे आतला फोन इंग्रजीतच बोलत राहतो. तुमचा खरा फोन मराठीत बोलायला लागला की पडद्यावर देवनागरीत जे काही येईल ते खरं, बाकी सगळं गोष्टीतलं. खेळ सूचना (नोटिफिकेशन) दाखवायची परवानगी खरोखर मागतोय की ती चौकट कथेतली आहे, स्टोरेज खरंच भरलंय की ॲनाच्या फोनचं भरलंय, बॅटरी संपत आल्याचा इशारा कुणाचा, हे सगळं एका नजरेत कळतं. खेळ संपला की भाषा परत बदलता येते. अर्थात मराठीच ठेवलीत तर उत्तमच.

भाषा बदलायची नसेल तर वरच्या कडेवरून बोट खाली ओढा. हे खेळ पूर्ण पडदा व्यापतात, त्यामुळे पहिल्यांदा ओढल्यावर फक्त वरची पट्टी दिसते आणि दुसऱ्यांदा खऱ्या सूचना उघडतात. तिथलं घड्याळ आतल्या घड्याळाशी ताडून बघा. आवाजाचं बटण दाबलं की येणारी पट्टीही नेहमी खऱ्या फोनचीच असते. आणि खेळ खरोखरच गोठला असेल तर पडद्यावर दोन-चारदा बोट टेकवून बघा. स्पर्शाला साधारण पाच सेकंद उत्तर मिळालं नाही तर अँड्रॉइड स्वतःच चौकट दाखवतो की ॲप प्रतिसाद देत नाही, बंद करायचं की थांबायचं. ती चौकट आली तर बिघाड बाहेरचा. ती येत नाही आणि मागचं संगीत चालू आहे, तर बहुधा तुम्हाला घाबरवायचं काम चाललंय. पुढे खेळा.

'अ नॉर्मल लॉस्ट फोन'मध्ये सुरुवातीलाच वाय-फाय जोडलं जात नाही. पासवर्ड मागतो, आपल्याकडे तो नसतो. एकाने यासाठी घरचा राउटर दोनदा बंद-चालू केला आणि वर केबलवाल्याला फोनही लावला. तो पासवर्ड त्या फोनमधले मेसेज नीट वाचून शोधायचा आहे, तेच तिथलं पहिलं कोडं आहे. कुठे सापडतो ते सांगत नाही, शोधण्यातच मजा आहे.

आता मूळ दुखण्याकडे येते. मेसेज थांबतात त्याची कारणं.

पहिलं कारण गोष्टीतलंच असू शकतं. दुसऱ्याच कुणाच्या चॅटमध्ये तुमचं उत्तर द्यायचं राहिलेलं असतं, आलेला फोटो उघडलेला नसतो, मिस्ड कॉलला परत फोन केलेला नसतो. गोष्ट तिथे अडते आणि आपण मात्र भलत्याच माणसाची वाट बघत बसतो. 'डस्कवुड'मध्ये पुढे जायला मध्येमध्ये रंगीत खडे जुळवायची कोडीही सोडवावी लागतात. तेव्हा आधी प्रत्येक चॅट, गॅलरी, कॉलची यादी आणि मेल उघडून बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त जणांचं अडलेलं इथेच सुटतं.

दुसरं कारण म्हणजे खेळ खऱ्या वेळेवर चालणारा असतो. 2015 च्या 'लाइफलाइन'मध्ये एका परक्या चंद्रावर अडकलेला अंतराळवीर तुमच्याशी बोलतो. तो तासभर चालत जाणार असेल तर तुम्हीही खरोखर तासभर थांबायचं आणि मग सूचना येते. तिथे शांतता म्हणजे बिघाड नव्हे.

पण वेळ उलटून गेली तरी सूचना येत नसेल, खेळ स्वतः उघडल्यावर मात्र मेसेज तिथे वाट बघत असेल, तर दोष बाहेरच्या फोनचा. इथे नेटला किंवा रिचार्जला दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. अशा खेळांत ही सूचना बऱ्याचदा कुठल्या सर्व्हरवरून येतच नाही. खेळ तुमच्याच फोनमध्ये गजर लावून ठेवतो आणि वेळ झाली की फोनच तो वाजवतो. गजर वाजला नाही, म्हणजे फोनने तो दाबला.

फोन तो का दाबतो, ते नीट समजून घेतलं की सेटिंग शोधणं सोपं जातं. 2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये डोझ नावाची बॅटरी वाचवायची सोय आली. पडदा बंद, चार्जर काढलेला आणि फोन एका जागी पडून असेल तर ॲप्सची कामं आणि गजर मागे ढकलले जातात, मधूनमधून थोडा वेळ मोकळीक मिळते. अँड्रॉइड 7 पासून फोन हलत असला तरी याचं सौम्य रूप लागू होतं. त्यात ॲप्सचं नेट आणि मागची कामं थांबतात, गजर नाही. म्हणजे डोझमुळे गजर लांबतो तो उशाशी पडून असलेल्या फोनचा, स्वारगेटहून कात्रजला जाताना खिशात असलेल्या फोनचा नव्हे. अँड्रॉइड 9 पासून फोन तुमच्या सवयी बघून ॲप्सची प्रतवारी करतो. रोज उघडत नाही ते ॲप खालच्या वर्गात जातं आणि त्याला कमी संधी मिळते. परीक्षेच्या दिवसांत आठवडाभर खेळ उघडला नाही की गोष्टीतली मंडळी गप्प होतात, त्यामागे हेही असतं. अँड्रॉइड 12 पासून तर काही महिने न वापरलेल्या ॲपला फोन झोपवूनच टाकतो आणि त्याच्या परवानग्याही काढून घेतो.

या सगळ्यावर कंपन्यांचे आपापले थर असतात. शाओमीच्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट नावाचं सेटिंग असतं, ते त्या खेळासाठी चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये झोपवलेल्या ॲप्सची यादी असते. खेळ त्यात गेलाय का बघा आणि कधीच झोपवू नये अशा ॲप्सच्या यादीत त्याला टाका. ओप्पो आणि रिअलमीत ऑटो लाँच आणि बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी अशा दोन वेगळ्या परवानग्या असतात, दोन्ही लागतात. बाकी कुठल्याही अँड्रॉइडवर खेळाच्या चिन्हावर बोट दाबून धरा, माहितीचा आय दाबा, बॅटरीत जा आणि निर्बंध काढून टाका.

माझी मावसबहीण कर्वेनगरला हॉस्टेलवर राहते. तिचा फोन आला, "ताई, ती परत बोलतच नाहीये गं, तीन वेळा पहिल्यापासून खेळले." मी तिला फोन घेऊन घरी बोलावलं. बॅटरीचं सेटिंग ठीक होतं, ऑटोस्टार्ट चालू होतं. मग सूचनांच्या पानावर गेलो, तर खेळाच्या नावापुढचं बटण करडं होतं, बंद. अँड्रॉइड 13 पासून नव्याने टाकलेल्या ॲपला सूचना दाखवायची परवानगी मागावी लागते. त्या वेळी तिने "अनुमती देऊ नका" दाबलं होतं, कारण ती चौकट ऐन भीतीच्या प्रसंगी आली आणि तिला वाटलं की हा गोष्टीतलाच सापळा आहे. या खेळांमध्ये ही फसगत अगदी साहजिक आहे. आणि तीच परवानगी दोनदा नाकारली की अँड्रॉइड पुन्हा विचारतच नाही. मग हाताने सेटिंग्जमध्ये जाऊनच ती द्यावी लागते. बटण चालू केलं, खेळ एकदा उघडून होम दाबून बाहेर आलो आणि चहा होईपर्यंत सूचना आली.

अँड्रॉइड 14 वर आणखी एक जागा बघा. ॲप्सच्या विशेष परवानग्यांत अलार्म आणि रिमाइंडरचं पान असतं. नव्याने टाकलेल्या बऱ्याच ॲप्सना ही परवानगी आता आपोआप मिळत नाही. तुमचा खेळ त्या यादीत दिसत असेल तर चालू करा. दिसत नसेल तर त्याला तिची गरज नाही, पुढे चला.

आणि हे कळकळीने सांगते, खेळ "सक्तीने थांबवा" हे बटण दाबून बंद करू नका. ते दाबलं की त्याने लावलेले सगळे गजर रद्द होतात आणि तुम्ही पुन्हा उघडेपर्यंत तो मुका राहतो. काही फोनमध्ये अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून वर सरकवून काढलं तरी हाच परिणाम होतो. दर थोड्या वेळाने सगळी ॲप्स साफ करायची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे. हा खेळ चालू असेपर्यंत तेवढा एक वगळा. रात्री अभ्यासिकेत फोन "व्यत्यय आणू नका"वर टाकला असेल तर तेही तपासा. त्यात गजर वाजतो पण सूचना मुकाट्याने येते, आणि सकाळी ती बाकीच्यांच्या ढिगात दिसत नाही.

घड्याळ पुढे करून वाट बघणं टाळायची युक्ती काही जण सांगतात. करू नका. तारीख चुकीची असली की बँकेची आणि यूपीआयची ॲप्स बंद पडतात, वेबसाइट उघडत नाहीत. वर घड्याळ परत मागे आणल्यावर खेळाला वाटतं की पुढचा मेसेज अजून दूर आहे, मग अडकणं आणखी लांबतं. आधीच केलं असेल तर तारीख-वेळ स्वयंचलित करा, खेळ उघडा आणि जेवढं घड्याळ पुढे नेलं होतं तेवढा वेळ जाऊ द्या.

दुसरं नेहमीचं दुखणं: मागे जायला गेलो आणि खेळातूनच बाहेर पडलो

आतल्या फोनलाही मागे जायचं आणि होमचं बटण असतं, बहुतेक वेळा खालच्याच कडेला. तुमच्या फोनवर बोट सरकवून फिरायची पद्धत असेल तर आतल्यासाठी सरकवलेलं बोट बाहेरचा फोन पकडतो. कॉल चालू असताना किंवा निवड करायला मोजके सेकंद असताना हे झालं तर उत्तर हुकतं आणि शेवट बदलू शकतो. दोन उपाय आहेत. सेटिंग्जमध्ये जाऊन खालची तीन बटणं परत आणा, किंवा सुरक्षेच्या पानावरचं ॲप पिन करायचं सेटिंग चालू करून खेळ पडद्याला पिन करा. पिन केल्यावर चुकून बाहेर पडता येत नाही. सोडायचा असेल तर तळातून बोट वर सरकवून धरून ठेवायचं, तीन बटणं असतील तर मागे आणि अलीकडच्या ॲप्सचं बटण एकत्र दाबून धरायचं. रात्री अंधारात खेळणाऱ्यांनी ही पद्धत आधी उजेडात एकदा करून बघावी.

तिसरं: दर वेळी जुन्याच जागी उघडतो

यातल्या बहुतेक खेळांत सेव्हचं बटण नसतं, खेळ आपणहून जागा लिहून ठेवतो. फोनचं स्टोरेज काठोकाठ भरलेलं असेल तर ते लिहिणं फसतं आणि उघडल्यावर तुम्ही मागच्या प्रसंगात असता. खऱ्या माणसांचे चित्रित व्हिडिओ असलेल्या खेळांत पडदा काळा राहून फक्त आवाज येतो, त्यामागेही जागेची टंचाई असू शकते. कुटुंबाच्या ग्रुपवरचे फोटो-व्हिडिओ आधी साफ करा आणि दोन-तीन जीबी मोकळी ठेवा. खेळाच्या माहितीच्या पानावर कॅशे साफ करायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारचं स्टोरेज साफ करा हे बटण गोष्ट पुसतं. दोन्ही शेजारीशेजारी असतात, दाबण्याआधी शब्द वाचा. फोन वेगवान करतो म्हणणारी सफाईची ॲप्स असतील तर काढून टाका, ती दोन्हींत भेद करतीलच असं नाही.

ब्लूटूथ इअरफोनवर आवाज किंचित उशिरा येतो, हा खेळाचा दोष नाही. आवाजातून सुगावा लागणार असेल तर वायरचे लावा.

गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज गेली आणि वाय-फाय पडलं की खेळ मध्येच लोड होत राहतो. मोबाइल डेटा चालू करून खेळ होम दाबून बाहेर ठेवा आणि परत उघडा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

जुना खेळ प्ले स्टोअरवर दिसतच नसेल तर फोन नवा आहे म्हणून तसं होऊ शकतं. अँड्रॉइड 14 फार जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली ॲप्स बसवूच देत नाही. आयफोनवर 2017 च्या आयओएस 11 पासून 32 बिटची जुनी ॲप्स चालत नाहीत. तो खेळ कॉम्प्युटरवर मिळतो का बघा. 'सिम्युलाक्रा' आणि 'अ नॉर्मल लॉस्ट फोन' दोन्ही मिळतात.

पण अशा वेळी, किंवा सगळे भाग फुकट उघडून देतो म्हणून, टेलिग्रामवरची मॉड एपीके, म्हणजे कुणीतरी फेरफार केलेली ॲपची फाइल, घेऊ नका. याबद्दल मला खरी काळजी वाटते. भयखेळाचा खेळाडू आधीच विचित्र परवानग्या बघायला तयार झालेला असतो. समोर एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी आली तरी त्याला ती गोष्टीतली वाटते आणि तो ती देऊन टाकतो. एसएमएस म्हणजे ओटीपी. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा. गोष्ट सांगायला खेळाला यातलं काहीही लागत नाही. दिली गेलीच असेल तर फोन विमान मोडवर टाका, ते ॲप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

नव्या फोनवर जाताना जुना लगेच पुसू नका. गूगलचा आपोआप होणारा बॅकअप प्रत्येक ॲपला 25 एमबीपर्यंतच जागा देतो आणि खेळ बनवणाऱ्याने तो बंदही ठेवलेला असू शकतो. आधी नव्या फोनवर खेळ उघडून जागा तीच आहे का बघा. नसेल तर ती गोष्ट जुन्या फोनवरच पूर्ण करा. आणि हे सगळं करूनही मुलगी गप्पच राहिली, तर बनवणाऱ्यांना मेल करा. त्यात फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, खेळाची आवृत्ती, शेवटचा आलेला मेसेज आणि त्या जागेचा स्क्रीनशॉट द्या. आतल्या फोनचा आणि बाहेरच्या फोनचा वेळ दोन्ही लिहा, म्हणजे कुठल्या गजराने दगा दिला ते त्यांना शोधता येतं.